बाबांच्या पलंगाचे कठडे

बाबांच्या पलंगाला दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडे लावले, ते बाबांना न विचारता. मला हे फोनवर कळलं आणि माझं डोकंच फिरलं. केअर सेंटरच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका उतरताना घसरले. कपाळाला टाके पडले. परत पडले तर जबाबदार कोण?" पुण्याहून दादाने लगेच होकार दिला होता. लांबून होकार द्यायला काय लागतं?

प्रश्न नुसता पडण्याचा नव्हता. बाबांचा डावा पाय अर्धांगवायूने लुळा पडला होता, तरी भिंत धरून ते बाथरूमला स्वतः जात. कठडे वर चढले की मावशींना हाक मारायची, त्या येईपर्यंत कळ काढायची, नाहीतर डायपर. बाबा मला म्हणाले, "पोरी, एकदा का मला त्यात गुंडाळलं, की मी संपलो समज." हे ते हसून बोलले नव्हते.

बाबांची सारी नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, दुरुस्ती खात्यात गेली. तिथला एक नियम त्यांच्या हाडीमाशी खिळलेला. मशीनवर काम करणारा माणूस बंद केलेल्या स्विचला पाटी अडकवतो, 'माणूस कामावर आहे'. ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची, साहेब आला तरी हात लावायचा नाही. कारण दुसऱ्याने पाटी काढून स्विच दाबला, तर आतला माणूस जिवानिशी जातो.

तर बाबांनी काय करावं? सकाळच्या मावशींकडून एका बाजूचा कठडा खाली करून घेतला, औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर तेच शब्द लिहिले आणि ती पाटी कठड्याच्या खटक्याला बांधली. आता कोण हात लावतोय, या खात्रीने ते आडवे झाले. वीजकेंद्राबाहेर हा नियम कुणाला ठाऊक नसतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. दुपारच्या मावशींना तो कचरा वाटला. त्यांनी पाटी डब्यात टाकली, कठडा वर केला आणि त्या जेवायला गेल्या.

मी पोचले तेव्हा खोलीतून घुसमटल्यासारखा आवाज येत होता. बाबा कठडा ओलांडायला गेले होते आणि गादी नि कठड्यामधल्या फटीत घसरून छातीपर्यंत अडकले होते. ओठ काळेनिळे पडलेले. मी खटका ओढला, पण त्यांचा सगळा भार त्यावर होता, तो हलेचना. मी किंचाळले. मावशी उष्ट्या हातानेच धावत आल्या, त्यांनी बाबांना काखेतून वर उचललं, तेव्हा कुठे कठडा खाली आला. बाबांनी श्वास घेतला आणि मला रडू फुटलं. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

डॉक्टर तपासून गेल्यावर मॅडम आल्या. दादा फोनवर होता, स्पीकर चालू.

"कठडा नसता तर खाली आपटले असते," मॅडम म्हणाल्या.

"कठडा होता म्हणून मरत होते!" मी ओरडले.

"मग उंच कठडा लावा ना," दादा म्हणाला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा त्याचा सल्ला.

आम्ही तिघं बाबांच्या डोक्यावरून भांडत होतो. तेवढ्यात त्यांनी स्टीलचा पेला कठड्यावर आपटला.

"मी इथंच हाय. मला विचारा ना कोणी."

मग, मॅडमचंही खरं सांगायला हवं, खुर्ची ओढून त्या बाबांच्या समोर बसल्या. "काका, तुम्हीच सांगा. काय करू?"

"पलंग बुटका करा. धरायला उशाशी आखूड दांडा ठेवा, बाकी सगळं काढा. अन् मी पडलो तर पडलो. हे मी बोललो, पोरांनी नाय."

"बाबा, डोकं फुटेल हो," दादाचा आवाज कापरा झाला होता.

"फुटंल. माझंच हाय ते."

दुसऱ्या दिवशी बुटका पलंग आला. मी तिथेच होते. दांडा धरून बाबा उठले. डावा पाय लटपटला आणि माझे हात आपोआप पुढे गेले.

"हात मागं घे," ते म्हणाले.

मी घेतले. भिंत चाचपत, पाय ओढत ते बाथरूममध्ये शिरले. 'कडी लावू नका' हे शब्द अगदी माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले. आतून कडी लागली, आणि मी बंद दाराबाहेर हात मागे बांधून उभी राहिले.