कोरेबुवांचा देश

आपल्या गावात येऊन राहिलेल्या परक्या माणसाला त्याच्या देशाचं नाव तुम्ही कधी विचारलं आहे का? आणि विचारलं असेल, तर त्यानं दिलेलं उत्तर नीट ऐकलं होतं का? आम्ही जऊळक्याच्या लोकांनी विचारलं होतं. ऐकलं मात्र नाही.

पाच आठवड्यांपूर्वी जऊळका स्टेशनवरचा हमाल वाशीमला माझ्या शाळेत आला. मी मुलींच्या वह्या तपासत होते. दाराशीच उभा राहून तो म्हणाला, "बाई, कोरेबुवा गेले. तापानं." मी मिळेल त्या गाडीनं गावी पोचले, तोवर सगळं उरकलं होतं. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणं त्यांना बसवून मूठमाती दिली होती. आमचे पोलीस पाटील मला धीर देत म्हणाले, "काही कमी पडू नाही देलं पोरी. जंगमबी आणला होता." त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. पण कोरेबुवा लिंगायत नव्हते. ते कोरेही नव्हते. ते कोरियाचे होते.

मी दुसरीत असताना ते आमच्या स्टेशनवर उतरले. खांद्याला लाकडी पेटी आणि पेटीत माणसाच्या आकृतीसारख्या वाळलेल्या मुळ्या. ताकदीचं औषध म्हणून त्यांच्या देशाची माणसं ती मुळी रंगून, कलकत्ता करत विकत फिरत. पण अकोल्यात तशा चेहऱ्याचा एक चिनी दात बसवत असे, म्हणून पहिल्या दिवशी त्यांच्यापुढे गालाला हात लावलेली चार माणसं येऊन बसली. बुवांनी प्रत्येकाच्या तोंडात डोकावून पाहिलं, मान हलवली आणि हातावर मुळीचा तुकडा ठेवला. कोणीतरी विचारलं, "तुमी कोन?" ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "कोरिया." लोकांना ऐकू आलं कोरे. आमच्याकडं कोरे आडनावाची घरं आहेत. लोकांचं समाधान झालं. त्या दिवसापासून ते कोरेबुवा.

मुळ्या संपल्या. ही मुळी सहा वर्षं गवताच्या छपराखाली जमिनीत वाढवावी लागते, असं ते सांगत. तेव्हा पाटील हसायचे, "सहा वर्सं? तितक्यात आमच्या कापसाच्या सहा पऱ्हाट्या निंगतेत." नवा माल मागवायचा तर जपान्यांपुढं हात पसरायचे, आणि जपान्यांनी तर त्यांचा देशच गिळला होता. स्वातंत्र्याच्या घोषणा देत रस्त्यावर उतरलेल्या लोकांत तेही होते, म्हणून परतायची सोय नव्हती. मग ते स्टेशनमागं खोपट बांधून छत्र्या आणि कंदील दुरुस्त करू लागले. शिरपूरला यात्रेकरूंची गर्दी असली की तिकडं बसत. खोपटाची जमीन त्यांनी पोकळ केली होती. चुलीचा धूर तिच्याखालून जाई आणि थंडीत ती उबदार राही. मुळा आणि लाल मिरची मिठात घालून ते मडकं अंगणात पुरून ठेवत. आईनं एकदा चाखलं आणि ती म्हणाली, "बुवा, तेल नाही, मेथी नाही, याले लोनचं नाही म्हनत." बुवा म्हणाले, "मंग तुमी म्हनू नका. खाऊन टाका." आईनं वाटी रिकामी करून दिली.

भाद्रपदात आमच्या पितरांचे दिवस लागत, त्याच सुमारास ते पौर्णिमेला भाताची वाटी मांडून पूर्वेकडं तोंड करून दोनदा जमिनीला डोकं टेकवत. मी विचारलं होतं, तिकडं कोण आहे? ते म्हणाले, "बहीन." मग वाटी पूर्वेकडं सरकवत, "मोठी बहीन. थे अजून जेवाले थांबते."

माझे वडील गावचे शिक्षक. आमच्या घरात पोथ्यांपेक्षा पत्रकं जास्त, तीही सरकारला न दाखवण्याजोगी. मी त्यांवरच वाचायला शिकले. आपला देश आपला म्हणण्याचा हक्क माणसाला जन्मानं असतो, हे वाक्य मला पाढ्यांसारखं पाठ होतं. आणि माझ्याच हातून जे झालं ते मी आज लिहिते आहे.

जपान युद्धात उतरला त्या हिवाळ्यात फौजदार गावात आला. जपानची प्रजा असेल त्याला धरून छावणीत न्यायचं होतं. बुवांचा प्रवासाचा जुना परवाना जपान्यांनी दिलेला; त्यांच्या देशाच्या माणसाला दुसरा मिळतच नसे. चावडीवर फौजदारानं त्यांच्याकडं बोट केलं. पाटील म्हणाले, "हे तं आमचे कोरे हायेत, साहेब."

"मग डोळे असे कसे?"

"लहानपनी देवी आल्या होत्या."

"देवीनं डोळे असे होतात?"

"आमच्याकडच्या देवी लई कडक असतेत, साहेब."

चावडी हसली, फौजदारही हसला. जात विचारल्यावर पाटील म्हणाले, "कोरे म्हंजे लिंगायतच." बाबा परगावी होते, म्हणून जबाब लिहायला मला बसवलं. सरकारला फसवायची संधी मिळाल्याचा मला केवढा आनंद झाला होता. बुवा पुढं आले, "मी कोरि..." एवढं बोलले, आणि मी दबक्या आवाजात म्हणाले, "बुवा, चूप ऱ्हा." ते चूप राहिले. ज्या माणसाचं अक्षर कुंचल्यानं काढल्यासारखं देखणं होतं, त्यानं माझ्या कागदाखाली अंगठा लावला. संध्याकाळी परवाना त्यांनी स्वतःच्याच चुलीत घातला. त्या रात्री मी शूर असल्यासारखी झोपले.

जपान शरण आला तेव्हा वर्तमानपत्र घेऊन मी धावत खोपटावर गेले. "बुवा, तुमचा देश सुटला." ते हातातल्या छत्रीची काडी वाकवत होते, तशीच वाकवत राहिले. ती बसवून म्हणाले, "बहीन आता म्हातारी झाली असन... मले वळखन का?"

परतीच्या कागदांसाठी आम्ही अकोल्याला तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला कारकुनानं जुना जबाब पुढं सरकवला. "लिंगायत माणूस कोरियाला कशाला जातो, बाई?" मी भांडले, न्यायाची भाषा केली. त्यानं शांतपणे विचारलं, "हे अक्षर कोणाचं?" मला माझंच म्हणावं लागलं.

छावणीत नेलेल्या लोकांना बोटीत बसवून परत धाडल्याची बातमी मीच पेपरात वाचली होती. गाडीत मी ती बुवांना सांगितली, कारण लपवणं मला जमेना. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तुह्यामुळं मी तुरुंगात नाही गेलो, पोरी." काटेपूर्णेचा पूल मागं पडला. "पन तुरुंगात माहं नाव माहंच राह्यलं असतं."

ते रागानं बोलले असते तर मला सोसलं असतं. त्यांनी नंतर डब्यातले फुटाणे अर्धे माझ्या हातावर ठेवले.

आता मृत्यूच्या नोंदीतही कोरेच लिहिलं गेलं आहे. परदेशी माणूस वारला तर सरकार त्याच्या मुलखाला कळवतं. जऊळक्याच्या कोऱ्यांसाठी कोण कोणाला कळवणार? समुद्रापलीकडं एक म्हातारी बाई अजून जेवायला थांबत असेल, आणि आपला भाऊ गेला हे तिला सांगणारं कोणी नाही. त्यांनी मला आपलं खरं आडनाव सांगितलं होतं आणि बहिणीचा पत्ता त्यांच्या लिपीत लिहून दिला होता. त्यातलं एक अक्षरही मला वाचता येत नाही.

नोंद दुरुस्त करण्यासाठी मी वाशीमच्या तहसिलीत अर्ज दिला आहे. माझा पहिला जबाब खोटा होता, असं त्यात लिहून सही केली आहे. त्याची काय शिक्षा असेल ती होवो. पण अधिकारी म्हणतात, खोटं लिहिणारीच्या एका शब्दावर विश्वास कसा ठेवायचा, आणखी साक्षी आणा. पाटील येईन म्हणाले आहेत. एवढ्यानं भागणार नाही. म्हणून जऊळका, किन्हीराजा, शिरपूर, मालेगावच्या बाजारात ज्यांनी त्यांच्याकडून छत्री किंवा कंदील दुरुस्त करून घेतला असेल, आणि त्यांच्या तोंडून त्यांच्या देशाचं नाव एकदा तरी ऐकलं असेल, त्यांनी वाशीमला यावं. अंगठा लावलात तरी चालेल. फक्त एवढंच सांगा: त्यांचं आडनाव युन होतं, ते कोरियाचे होते, आणि तसं ते आम्हाला पहिल्याच दिवशी म्हणाले होते.