मोडेमवरचा आळ

मी आयुष्यात एका मोडेमला जितक्या शिव्या घातल्या, तितक्या कुठल्याही माणसाला घातल्या नसतील. पुण्याच्या ऑफिसात कुणाचं नेट बंद पडलं की मी माझी सोलापूरची गोष्ट काढते, लिनक्सवरच्या त्या डायल-अप मोडेमची, आणि सगळ्यांचा दुपारचा डबा हसण्यात संपतो. गेल्या महिन्यात सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या घरी टेलिफोनची जुनी वायर माझ्या हातात आली, आणि तेव्हापासून ही गोष्ट माझ्याच्याने सांगवत नाही. बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही. म्हणून लिहून बघते आहे.

तेव्हा मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात चादरींची आणि टॉवेलांची डिझाइनं काढायचे. वडील मी शाळेत असतानाच गेलेले. घरात आई आणि मी, दोघीच. आई पुढच्या खोलीत यंत्रावर कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या छोट्या रिळांवर सूत गुंडाळायची. ती मूळची उजनीच्या पाण्याकाठच्या गावातली, शेतातली. सुताचं काम लग्नानंतर शेजारच्या तेलुगू मावशींनी शिकवलं. तुटलेला धागा जोडायची बारीक गाठसुद्धा त्यांचीच. पण आई डावखुरी, म्हणून तिची गाठ उलटी पडते, आणि उरलेली टोकं ती कात्रीने कापत नाही, दाताने तोडते. शंभर गाठींतून आईची गाठ मी डोळे मिटून काढून देईन.

पुण्याच्या एका कंपनीला माझी डिझाइनं पसंत पडली. नमुना म्हणून एक चादर शेजारच्या मागावर विणून घेतली होती. तिच्यासाठी मी हट्टाने एक रंग करवून घेतला, धड जांभळा नाही, धड राखाडी नाही. रंगाऱ्याने कपाळावर हात मारला होता. कांड्या अर्थात आईनेच भरल्या. तसं सूत आमच्या घरात त्याआधी कधी आलं नव्हतं आणि नंतरही आलं नाही.

कंपनीने दोन वाटा ठेवल्या. घरून काम करायचं असेल तर करा, पण दिवसभर ईमेलवर हजर पाहिजे, कारण रंगाच्या दुरुस्त्या दिवसातून कितीदा तरी इकडून तिकडे होतात. ते महिनाअखेरपर्यंत जमवून दाखवा. नाही जमलं तर पुण्याला राहायला या. मला पुण्याला जायचं नव्हतं. आईला एकटीला टाकून तर नव्हतंच, आणि खरं सांगायचं तर मला आमची पेठ सोडवत नव्हती. दिवसभर सायबर कॅफेत बसून हे काम होण्यासारखं नव्हतं, वीज गेली की कॅफेवाला शटर ओढायचा. घरच्या फोनवरून लॅपटॉप नेटला लागला तर मी घरी, नाही लागला तर पुणे.

आईला मी एवढंच सांगितलं की पुण्याचं काम आहे आणि त्याच्यासाठी हे मशीन फोनला लागायला पाहिजे. घरीच राहून काम करता येईल, हे मुद्दाम सांगितलं नाही. काम पक्कं झाल्याशिवाय तोंडातून काढायचं नाही, दृष्ट लागते, ही आमच्या घरची रीत. ती मला आईनेच लावलेली.

लॅपटॉप कारखान्यातून निघालेला. त्यातलं विंडोज व्हायरसने खाल्लेलं, आणि त्याची सीडी कुणाकडेच नव्हती. एका मैत्रिणीने मासिकासोबत आलेली लिनक्सची सीडी दिली. ती चढवली आणि सगळं चाललं. माउस चालला, आवाज आला, चित्र काढायचा प्रोग्राम तर आधीपेक्षा बरा चालला. मोडेम तेवढा लिनक्सला दिसेना.

सायबर कॅफेत बसून मी त्याची कुळकथा शोधली आणि थक्क झाले. माझ्या लॅपटॉपात मोडेम नव्हताच. टेलिफोनची पिन बसेल एवढं भोक होतं, आत एक चिप होती, पण आकड्यांचा आवाज करणं आणि आवाजाचे परत आकडे करणं हे खरं काम बनवणाऱ्यांनी विंडोजच्या एका प्रोग्रामवर ढकललं होतं. विंडोज नाही तर चिप मुकी. खोकं भलं मोठं आणि आत माल नाही, हा प्रकार मला तोवर फक्त मिठाईच्या बाबतीत ठाऊक होता.

परदेशातल्या काही हौशी लोकांनी लिनक्ससाठी त्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे तिला बोलतं करणारा प्रोग्राम, लिहून ठेवला होता. तो फ्लॉपीवर घ्यायचा, घरी येऊन आपल्या लिनक्सवर बांधायचा, मग तो म्हणणार अमुक फाइल नाही. ती आणायला परत कॅफे. ती आणली की त्याला तमुक हवी. कॅफेवाला मला बघून विचारायचा, "आज काय न्यायचंय ताई?"

शेवटी ड्रायव्हर बसला. तर पडद्यावर 'नो डायलटोन'. मी रिसीव्हर कानाला लावला. टोन इतका ठणठणीत की पलीकडच्या खोलीत ऐकू जावा. मी मोडेमशी अक्षरशः भांडले. मग वाचताना कळलं, तो अमेरिकेचा टोन ओळखतो, आपला टोन त्याच्या लेखी टोनच नाही. टोनची वाट न बघता नंबर फिरव, अशी एक आज्ञा त्याला द्यावी लागते. ती दिली. मोडेमने नंबर फिरवला, किंकाळी फोडली, घरघरला, आणि लागला. अर्धं पान उघडलं. मी जागच्या जागी उड्या मारल्या. आईने कांड्यांचं यंत्र बंद केलं आणि दारात आली.

"लागला का?"

"लागला गं आई, लागला."

ती तशीच परत फिरली. मला वाटलं, तिला यातलं काय कळणार. पुण्याचं ऑफिस तोवर बंद झालं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांना कळवू असं ठरवलं. त्या आनंदात मी ड्रायव्हरची नवी आवृत्तीही चढवून ठेवली, काही गरज नसताना.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून येऊन लावला, तर किंकाळी झाली, घरघर झाली आणि 'नो कॅरियर', म्हणजे पलीकडचा मोडेम सापडत नाही. परत लावला, परत तेच. मी कपाळ बडवून घेतलं, नवी आवृत्ती काढली, जुनी घातली. तेच. लिनक्स पुसून पुन्हा चढवलं. तेच. कधी क्षणभर लागायचा आणि पत्र उघडायच्या आत सुटायचा. सायबर कॅफेत वाचावं तर जगभरचे लोक हेच लिहीत होते की असले मोडेम लिनक्सवर म्हणजे डोक्याला ताप, नाद सोडा. लाइनमनला बोलावलं. त्याने रिसीव्हर कानाला लावला.

"आवाज चांगला येतोय की ताई," तो म्हणाला. "लाइनीला काय न्हाय झालं. तुमच्या मशिनीतच गडबड हाय."

आईने त्याला चहा दिला. रोज संध्याकाळी मी लॅपटॉप उघडला की ती आपलं यंत्र थांबवायची आणि दारातून विचारायची, "लागला का?" मी नाही म्हणून मान हलवायचे. ती परत जाऊन बसायची, पण यंत्र लगेच सुरू व्हायचं नाही. माझ्याइतकीच ही आस लावून बसली आहे असं वाटून मला भरून यायचं.

महिना संपला. मी पुण्याला गेले आणि तिथलीच झाले. आईला कितीदा बोलावलं, ती आली नाही. तिला हितलंच बरं वाटतं म्हणायची. मी सणावाराला यायचे आणि परतीच्या गाडीत त्या मोडेमचा उद्धार करायचे.

आता माझं काम कुठूनही होतं, म्हणून महिन्यातले काही दिवस आईजवळ राहावं या विचाराने घरी फायबर घ्यायचं ठरवलं. फायबरवाला आला आणि म्हणाला, ही जुनी टेलिफोनची वायर काढा, मला तिथूनच आत यायचंय. मी स्टुलावर चढले आणि माळ्याच्या फळीमागून ती ओढत आणली. मधे एके ठिकाणी हाताला जाडसर लागलं. वायरवर सूत गुंडाळलं होतं, धड जांभळं नाही, धड राखाडी नाही.

मी सूत उलगडलं. आत वायर तुटलेली होती आणि तांब्याच्या दोन्ही तारांना गाठी मारलेल्या होत्या, धाग्याला मारतात तशा, बारीक आणि उलट्या. टोकं दाताने तोडलेली. अशा सैल सांध्यातून माणसाचा आवाज जातो, मोडेमचा जात नाही. हे मला आता कळतं. तेव्हा मी आवाज ऐकला आणि वायरीकडे वळूनही बघितलं नाही.

आई खाली मेथी निवडत बसली होती. मी उतरून वायर तिच्यापुढे धरली. "आई, हे तू जोडलंस?"

तिने वाकून ती निरखली. "व्हय. मीच की."

"तुटली कशी?"

"तुटली न्हाय. मी तोडली." ती सहज म्हणाली, मेथीवरचा हातही थांबला नाही. "तुजं ते मशीन लागलं त्या दिवशी मला झोप न्हाय आली. म्हटलं, आता ही पुण्याला जानार. तू कारखान्याला गेलीस नि मी कात्री घेतली. मग फोन उचलून बगितला तर मेल्यागत गप. लई भ्या वाटलं. पोरीला काय झालं, कुनी फोन केला, तर मला कळनार कसं? मग बसून जोडली. जुनी तार दातानं सोलली. आवाज यायला लागला तवा जीवात जीव आला."

"आणि रोज मला विचारायचीस, लागला का म्हणून?"

"विचारायची की. लागला म्हनलीस तर तू जानार. न्हाय म्हनलीस तर तुजं तोंड बगवत नव्हतं."

मला राग आला. इतका की कान तापले. आई, तो लागला असता तर मी इथेच राहणार होते, या खोलीत, तुझ्या यंत्राशेजारी, हे सगळं ओठांपर्यंत आलं. मग तिचे हात दिसले. बोटं आता वाकलीत, धागा ओवता येत नाही, गाठ तर नाहीच. ही बाई इतकी वर्षं एकटी जेवली, आणि का जेवली हे तिला ठाऊक नव्हतं.

फायबरवाला शिडीवरून वाट बघत होता. आईने माझ्याकडे वर पाहिलं, आणि पहिल्यांदाच तिचा हात थांबला.

"का गं? तू तर गेलीसच की. त्या गाठीनं तुजं काय अडलं नव्हतं न्हवं?"

"न्हाय गं," मी म्हणाले. "तो मोडेमच भिकार होता."

"मला तवाच वाटलं हुतं," आई म्हणाली आणि मेथी निवडायला लागली.