नथनीच्या नावाचा मालक

गुणाकर बोधनकर कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत अंगणात येऊन उभा राहतो. त्याच्या आणि आमच्या अंगणाची भिंत एकच, त्यामुळे हा सोहळा मला रोज दिसतो. कुकर एक ना एक दिवस फुटणार, याबद्दल त्याच्या मनात शंका नाही. त्या दिवशी आपण कुठे असू, एवढाच काय तो प्रश्न. प्रेमलतावहिनी मात्र आत ओट्याशीच असतात. "अन् वहिनींचं काय?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "तिले कुकर भेते."

हेल्मेट घालून स्कूटर चालवणारी माणसं बालाघाटात तशी कमीच. गुणाकर हेल्मेट घालून स्कूटर ढकलतो. पाल दिसली की तो तिला खोली देऊन टाकतो. अनोळखी नंबरवरून फोन आला की फोनवर उशी ठेवतो आणि उशीवर स्वतः बसतो. सरकारी कचेरीतली सगळी नोकरी त्याने एकाही कागदावर स्वतःचं मत न लिहिता पार पाडली आणि निवृत्त झाला.

अशा माणसाने निवृत्तीनंतर धंदा काढला, आणि त्याच्या स्वभावाला जगात दुसरा कुठलाही धंदा इतका चपखल बसला नसता. गुणाकर इंटरनेटवरची नावं घेऊन ठेवतो. कोणालाही वेबसाइट काढायची तर तिला नाव लागतं, आणि एक नाव एकाच मालकाचं. वर्षाला थोडं भाडं भरलं की ते आपलं. पुढे ज्याला त्या नावाची गरज पडेल त्याने आपल्या दारात यावं आणि आपण सांगू ती किंमत द्यावी. दुकान नको, माल नको, वजनकाटा नको. मुख्य म्हणजे गिऱ्हाईक नको. ते कधीतरी भविष्यकाळात येणार, आणि भविष्यकाळाला गुणाकर तेवढा घाबरत नसे.

बैहर जिल्हा होणार अशी आवई उठली तेव्हा त्याने बैहर जिल्ह्याचं नाव घेऊन टाकलं. मग लांजी मागे राहू नये म्हणून लांजीचं. चिन्नोर तांदळाची तीन नावं घेतली. मुक्कीकडच्या जंगलात एक वाघीण गाजायला लागली होती. तिच्या नाकाशी पट्ट्याचा एक बारीक वळसा होता, अगदी नथ घातल्यासारखा, म्हणून गाइड लोक तिला नथनी म्हणत. गुणाकरने पेपरात फोटो पाहिला, पेपर पालथा घातला, कारण ती त्याच्याकडे बघत होती, आणि त्याच दुपारी 'नथनी टायग्रेस डॉट कॉम' विकत घेतलं.

वर्षं गेली. भाडं जात राहिलं. गिऱ्हाईक काही येईना आणि गुणाकर सुखात होता. शेवटी वहिनींनी ऐन दिवाळीत, सगळ्यांसमोर जाहीर केलं.

"संक्रांतीपावतर एक नाव विकून दाखवा. नाहीतर हे समदं बंद. माझ्या भावाच्या दुकानात बसाचं, कटंगीले."

भावाचं दुकान खतबियाण्याचं. कटंगीच्या बाजाराच्या दिवशी तिथे जिवंत गिऱ्हाइकं येतात. ती ओरडतात, पोतं फोडून दाखवा म्हणतात, गल्ल्यावर हात आपटतात. गुणाकरचा चेहरा त्या दिवशी असा झाला की मी हातातली चकली खाली ठेवली.

संक्रांत आठवड्यावर आली तेव्हा उशीखाली फोन वाजला. एकदा वाजला, दोनदा वाजला. तिसऱ्यांदा वहिनींनी नवऱ्याला उशीवरून उठवलं आणि फोन घेतला. जंगलाच्या मुक्की गेटाजवळच्या एका लॉजचा मालक बोलत होता, अनुराग नावाचा. मूळचा किरनापूरकडचाच पोरगा. त्याला 'नथनी टायग्रेस' हवं होतं.

"विकत घेतो म्हणते," वहिनी म्हणाल्या.

"काहून?" गुणाकर म्हणाला. इतक्या वर्षांत या प्रश्नाचा त्याने विचारच केला नव्हता.

"तुम्ही या काका, फॅमिली लेके या," फोनमधून आवाज आला. "दोपहर की सफारी मेरी तरफ से. गाडीतच बोलून घेऊ. मी सारे सौदे जिप्सीत करतो. तिथून रागात कोणी उठून जात नाही."

गुणाकर गादीवर आडवा झाला. एका बाजूला कटंगी होती आणि दुसऱ्या बाजूला वाघीण, आणि खरं सांगायचं तर रात्रीपर्यंत निर्णय झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मला नेलं, कारण गुणाकरला मधे बसायचं होतं आणि त्यासाठी दोन बाजूंना दोन माणसं लागतात. घाटात त्याने चारही काचा बंद करायला लावल्या. एका वळणावर रस्त्याकडेला वाळकं खोड पडलेलं होतं. ते गाडी जाईपर्यंत हललं नाही, याबद्दल त्याने त्या खोडाला हात जोडले.

"तुम्ही तिचं नाव घेऊन बसले न इतके वर्ष," वहिनी गंभीरपणे म्हणाल्या. "तिले मालूम पडलं असंन का?"

"प्रेमलता, मजाक करू नको."

"मजाक नाही करून राह्यली. विचारून राह्यली."

मुक्कीला गाडीवर धम्मपाल होता. ड्रायव्हर तोच, वाट दाखवणाराही तोच. शांत माणूस, कानाला मफलर. गेटाशी त्याने गाडी थांबवली आणि मागे वळून म्हणाला, "एक गोष्ट सांगून ठेवतो. आत तिचं नाव घ्याचं नाही. आमच्या इकडे रीत आहे. गेटाबाहेर काय म्हणाचं ते म्हणा. आत फक्त 'बाई'."

"नाव घेतलं तर?" गुणाकरने विचारलं.

"येते," धम्मपाल म्हणाला, आणि गिअर टाकला.

ज्या माणसाने ते नाव पाच वर्षं स्वतःजवळ ठेवलं होतं, त्याने आता दोन्ही ओठ आत दुमडून घेतले. जिप्सीला छप्पर नसतं, दारं नसतात. ही बाब त्याला कोणी आधी सांगितली नव्हती. वहिनी डावीकडे, मी उजवीकडे, मधे गुणाकर, हेल्मेटसकट. पुढच्या सीटवर अनुराग आमच्याकडे तोंड करून उलटा बसला आणि सालाची झाडं सुरू झाल्याबरोबर धंद्याला लागला.

"तो काका, बाईचे किती सांगता?"

वहिनींनी एक आकडा सांगितला. तो घरून ठरवून आणलेला होता.

"इतके? अहो, इतक्यात मी दुसरं नाव घेईन. 'मुक्की की रानी' घेईन."

"घ्या मग," वहिनी म्हणाल्या. "राणी कोनाले पाह्याची आहे?"

अनुराग हसला, अर्ध्यावर आला. वहिनी जागच्या हलल्या नाहीत. गुणाकर या सगळ्यात नव्हताच. त्याचे डोळे गवतावर होते, आणि गवत सगळीकडे होतं. एका मोराने पंख फडफडवले तेव्हा त्याने माझ्या मांडीचा असा चिमटा घेतला की पुढे आठवडाभर मला तिथे जांभळा डाग दिसत होता.

मग एक चितळ ओरडलं. पुन्हा ओरडलं. धम्मपालने गाडी एका वळणावर नेऊन बंद केली.

ती रस्त्यात उभी होती.

फोटोत असते तशी नव्हती. फोटोत वास नसतो. आमच्या समोर, कोणी टाकलेला लाडू तिच्यापाशी पडेल इतक्या अंतरावर, ती आडवी उभी होती, आणि नाकाशी खरोखरच तो नथीचा वळसा होता. तिच्या पलीकडे आणखी दोन जिप्सी येऊन थांबल्या होत्या. लोक उभे राहून बघत होते. आमच्या मागेही एक गाडी लागली.

"अब बोलो काका," अनुराग कुजबुजला. त्याला हाच क्षण हवा होता. "आधे में डन?"

वाघीण आमच्याकडे वळली. कान मागे चिकटवले आणि दात दाखवले. घशातून एक आवाज काढला, जो मला कानाने नाही तर सीटमधून ऐकू आला. वहिनींनीसुद्धा नवऱ्याचा हात धरला, आणि हे मी त्या घरात पहिल्यांदाच पाहत होतो.

"आता झेप घेईन ती," वहिनी पुटपुटल्या.

गुणाकर तिच्याकडे बघत होता. हेल्मेटची काच त्याच्या श्वासाने धुकट झाली होती. ती त्याने वर केली.

"नाही," तो म्हणाला. "ती भेली आहे."

"क्या?"

"भेली आहे थे. माह्यासारखी. पाहा न, आपल्याकडे पाहते, मग तिकडे गवतात पाहते, मग पुन्हा आपल्याकडे. तिचं काहीतरी तिकडे राह्यलं आहे. आपन मधे आलो."

आम्ही पाहिलं. रस्त्याच्या डाव्या बाजूला, आमच्या अगदी जवळ, गवताचं एक बेट हललं. त्यातून एक आवाज आला, मांजरीच्या पिलाचा असावा तसा, पण जाड. वाघीण जागच्या जागी वळली, दोन पावलं पुढे आली, पुन्हा मागे सरकली. चारी बाजूंनी इंजिनं, माणसं, टोप्या. ज्याने आयुष्यभर एकाच विषयाचा अभ्यास केला होता, त्याला तो विषय तिच्या अंगावर लिहिलेला वाचता येत होता.

"गाडी मागे घ्या," गुणाकर म्हणाला.

"रुको, इतनी अच्छी साइटिंग..." अनुराग म्हणाला.

"धम्मपालभाऊ, मागे घ्या! तिले जागा द्या!"

गुणाकरने कोणाला हुकूम दिलेला मी त्याआधी ऐकलेला नाही, नंतरही नाही. कचेरीत शिपायालाही तो 'जमलं तर' म्हणायचा. धम्मपालने मालकाकडे बघितलंच नाही. मागच्या गाडीला हात केला आणि जिप्सी हळूहळू मागे घेतली. मोकळ्या झालेल्या रस्त्यावर गवतातून एक पिल्लू आलं, पोट जमिनीला लावून, आईच्या पायात शिरलं. ती त्याला घेऊन उतरून गेली. आमच्याकडे तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

गुणाकरने काच खाली घेतली आणि हेल्मेटच्या आत तो रडायला लागला. भीतीनेच. उशिरा आलेल्या.

लॉजवर चहा आला. वहिनींनी भाजीबाजारात करावा तसा भाव केला आणि अनुराग शेवटी त्यांच्या आकड्याच्या जवळ आला. आता फक्त गुणाकरने स्वतःच्या फोनवर मंजुरी द्यायची होती. बोट वर धरून तो बसून राहिला.

"एक इचारू?" तो म्हणाला. "या नावावर तुम्ही टाकान काय?"

"रोज का अपडेट. आज बाई कुठे दिसली, किती वाजता, कोणत्या रस्त्यावर. लोकांना तेच पाहिजे."

"ते नाही टाकलं तर?"

"फिर काका, खरीदूं किसलिए?" अनुराग म्हणाला. त्यात कपट नव्हतं. प्रामाणिक धंदेवाला होता तो. "आज चार गाड्या होत्या. नाव माझ्याकडे आलं की बारा असतील."

गुणाकरने वहिनींकडे पाहिलं. वहिनी चहाच्या कपात बघत होत्या. मला वाटलं, त्या आत्ता काहीतरी म्हणतील, की राहू द्या, नका विकू. पण त्यांनी भावाला फोन करून कळवलेलं होतं, की नाव विकलं गेलं नाही तर संक्रांतीनंतर दुकानात एक माणूस येईल. आणि कटंगीचा बाजार शुक्रवारी होता.

गुणाकरने बोट टेकवलं. नाव गेलं.

त्याला मी दोष देणार नाही. मीही टेकवलं असतं, आणि मला कुकरची भीती वाटत नाही.

बालाघाटात पेढे वाटले गेले. गुणाकरचा धंदा खरा ठरला, कटंगी टळली. वहिनींचा भाऊ सोडून सगळे खूश होते. फक्त गुणाकर रोज सकाळी चहाआधी 'नथनी टायग्रेस' उघडून बघू लागला. सहा गाड्या. नऊ गाड्या. पाण्यावर आली तेव्हा पलीकडे रस्ता भरलेला. प्रत्येक फोटोत तो तिचे कान बघतो. "आज मागेच आहेत," मला भिंतीवरून सांगतो. मग धम्मपालला फोन लावतो. अनोळखी फोनवर उशी ठेवणारा हा माणूस स्वतः फोन लावतो आणि विचारतो, "बाई कशी आहे? पिल्लू?" धम्मपाल म्हणतो, आहे, बरं आहे. तेवढ्यावर दिवस निघतो.

बैहर जिल्ह्याचं आणि लांजीचं नाव त्याने भाडं न भरता सोडून दिलं. "कोन घेईन, काय करन, आपल्याले का मालूम," म्हणतो.

परवा वेबसाइटवर काहीच आलं नाही. कालही नाही. धम्मपालचा फोन लागेना. गुणाकर दोन वेळा अंगणात येऊन गेला, आणि कुकर लावलेलाच नव्हता.

आज सकाळी मी स्टँडवर पेपर घ्यायला गेलो तर मुक्कीच्या वाटेवरच्या बैहरच्या बसमध्ये तो. एकटा. हेल्मेट नाही. दोन्ही हातांनी पुढच्या सीटची दांडी धरलेली, आणि बस अजून सुरूही झाली नव्हती. खाली वहिनी डबा घेऊन उभ्या.

"घाटात खिडकी बंद ठेवा," त्या म्हणाल्या. "थंडी आहे. अन् तिकडे जनावरं निंगतात."

"बंद कशी ठेवू?" गुणाकर म्हणाला. दात वाजत होते त्याचे. "दिसली तर पाहू कशी?"

कंडक्टरने घंटी मारली. वहिनींनी डबा खिडकीतून आत दिला, आणि खिडकी उघडीच राहिली.