गळ्यातली गिटार

दुसरं महायुद्ध संपल्यावर कोरेगावहून सांगलीला जाताना गाडीत एक फौजी माझ्यासमोर बसला होता. आसामच्या छावणीत एका काळ्या अमेरिकन शिपायाची गिटार ऐकल्याचं सांगू लागला.

"ब्लूज म्हनत्यात त्येला, काळ्या लोकांची दुखाची गानी. बोल कळंना, पर जागचं उठवंना."

मध्येच तो शिपाई पाणी प्यायला उठला आणि गिटार जमिनीवर ठेवू लागला. या फौजीच्या गावी हरिनाम सप्ताहात वीणा खाली टेकवत नाहीत. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. यानं धावत जाऊन गिटार आपल्या गळ्यात घेतली आणि तसाच उभा राहिला. जमलेली पलटण हसली.

"आणि तो?"

"त्यो न्हाई हसला. पानी पिऊन आला, अन् गिटार घ्यायला अशी मान पुढं केली."

त्यानं मान वाकवून दाखवली. माझे रिकामे हात आपोआप वर गेले.