गोळी किती लांबून आली

"इब्राहिम, तुला काय वाटतं?" डॉ. सालेहनी विचारलं.

टेबलावर मेलेलं हरीण होतं. एका बाजूला मी, हातात मोजपट्टी आणि चिमटा. दुसऱ्या बाजूला इब्राहिम, हातात बादली. आणि आमच्या बॉसनी प्रश्न बादलीवाल्याला विचारला.

तोही अरबीत. उत्तरही अरबीत आलं, चांगलं लांबलचक, मध्ये दोघं हसलेसुद्धा. ओमानमध्ये नऊ वर्षं काढून माझं अरबी यल्ला, खलास आणि इन्शाल्ला यांच्या पुढे गेलेलं नाही. मी मोजपट्टीकडे बघत उभी राहिले.

मी जनावरांची पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे जनावर कशानं मेलं ते मेल्यावर शोधणारी डॉक्टर. पुण्याला शिकले, सुवर्णपदक मिळालं, ते आईच्या कपाटात आहे. इथे एका लॅबमध्ये काम करते, राहते वादी कबीर नावाच्या वस्तीत. इब्राहिम आमचा पोस्टमॉर्टेम अटेंडंट. रत्नागिरीकडचा, वय पन्नाशीचं. आधी कत्तलखान्यात होता, मग आमच्याकडे आला. टेबल धुणं, सुऱ्यांना धार लावणं, जनावर उचलणं हे त्याचं काम. तोंडावर मी त्याला इब्राहिमभाई म्हणते, मनात नुसतं इब्राहिम. कानामागून आला आणि तिखट झाला, असं मला तेव्हा वाटायचं. आणि ते वाटणं किती महागात पडलं असतं, तेच सांगायला बसले आहे.

तर हरीण. इथल्या डोंगराळ भागातलं छोटं हरीण, वीसेक किलोचं. त्याची शिकार करायला सक्त मनाई आहे. एका राखीव क्षेत्रात ते पहाटे गोळी लागून मेलेलं सापडलं आणि शेजारी सापडला तिथलाच रक्षक, हमूद. त्याच्याकडे सरकारी रायफल, आणि मॅगझिनमध्ये एक गोळी कमी. हमूदचं म्हणणं असं, की ती गोळी मागच्या आठवड्यात लांडग्यांना पळवायला हवेत झाडली होती. आज त्यानं दुरून आवाज ऐकला, गाडी घेऊन आला, तर वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीपात्राच्या, पलीकडून एक पांढरी लँड क्रूझर निघून जाताना दिसली. ती दुसऱ्या कुणीच पाहिली नाही. रिपोर्ट गुरुवारी दुपारी सरकारी वकिलांकडे जायचा होता. हमूदनं जवळून मारलं असेल, तर नोकरी जाणार आणि तुरुंगही. पलीकडून कुणी मारलं असेल, तर तो सुटला.

आता गोळ्यांबद्दल थोडं सांगते. शिकारीच्या गोळीचं टोक मऊ शिशाचं, उघडं असतं. ती अंगात शिरली की फुलते. पण फुलायला वेग लागतो. तेल कडकडीत तापलेलं असेल तर मिरगुंड फुलतं, कोमट तेलात तसंच पडून राहतं, तसंच हे. जवळून मारलेली गोळी जोरात येते, फुलते, फुटते, बाहेर पडताना मुठीएवढं भोक पाडते आणि आजूबाजूचं मांस काळंनिळं होतं. लांबून येईपर्यंत तिचा वेग उतरतो, मग ती धड फुलत नाही, सुईसारखी आरपार जाते.

रक्षकांच्या रायफलीची गोळी वेगळी. तिला सगळीकडून तांब्याचं आवरण. तिला तेल कितीही तापवा, ती फुलत नाही. पन्नास मीटरवरून मारा नाहीतर पाचशे, भोक बारीकच.

आमच्या हरणाच्या छातीत गोळी डावीकडून शिरली होती, उजवीकडून निघाली होती. दोन्ही भोकं करंगळीएवढी. गोळी सापडली नव्हती. म्हणजे एक तर लांबून आलेली शिकारीची गोळी, नाहीतर कुठूनही आलेली रक्षकाची. मला दुसरी शक्यता पटत होती. शेजारी रक्षक, त्याची एक गोळी कमी. सरळ हिशेब.

"काय म्हणालात तुम्ही सरांना?" डॉ. सालेह गेल्यावर मी विचारलं.

"लांबनं मारलाय म्हटलं, मॅडम."

"कशावरून?"

त्यानं हरणाची मान वळवली. गळा चिरलेला होता. तो मीही पाहिला होता, वहीत 'मानेवर काप' असं लिहिलंही होतं. कुणीतरी कापायला सुरुवात केली आणि घाबरून सोडून दिलं, एवढाच मी त्याचा अर्थ घेतला होता.

"हे मेल्यावर कापलंय. बघा, रगात मांसात मुरलाच नाय. आता बघा मॅडम, आमच्यात जनावर पाडला की माणूस पयला धावत जातो. जीव हाय तवर बिस्मिल्ला करून गळा कापायचा. नायतर ते खायाला हराम. जवळ असता तर पोचला असता की. ह्याला वादी उतरून, परत चढून याला लागला. तवर हरीण मेलेला. तरी कापलान, काय करील! मग हमूदची गाडी आली नि पळाला."

मला हे सुचलं नव्हतं. सुचायला हवं होतं. कापाच्या कडांना रक्त नाही, म्हणजे तो मेल्यानंतरचा, हे तर मी विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे. त्याचा अर्थ मात्र या माणसानं बादली खाली न ठेवता सांगितला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"हे पोस्टमॉर्टेम आहे इब्राहिमभाई, मटणाचं दुकान नाही," मी म्हणाले.

त्यानं हरणाची मान परत सरळ केली. मग म्हणाला, "एक्स-रे काढूया काय, मॅडम?"

एक्स-रेचं मशीन शेजारच्या खोलीत होतं. दहा मिनिटांचं काम. दुसऱ्या कुणी सुचवलं असतं तर मी नक्की काढला असता.

"गरज नाही," मी म्हणाले.

बुधवारी दुपारी ड्राफ्ट डॉ. सालेहच्या टेबलावर ठेवला. पूर्ण आवरणाची गोळी, जवळून मारल्याची शक्यता जास्त. गळ्याच्या कापावर अर्धी ओळ.

घरी आले तर जेवण जाईना. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो शांतपणे आमटी वाढून घेत म्हणाला, "अगं, पण त्याचं म्हणणं चूक आहे का?"

"प्रश्न तो नाहीये!"

"मग कुठला आहे?"

मी ताट उचललं. प्रश्न हा होता, की नऊ वर्षांत डॉ. सालेहनी मला एकदाही 'तुला काय वाटतं' असं विचारलं नव्हतं. मला ते 'रिपोर्ट कधी मिळेल' एवढंच विचारायचे. इब्राहिमबरोबर मात्र ते रोज कहवा, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी, प्यायचे.

गुरुवारी सकाळी मी तासभर आधी लॅबमध्ये पोचले. मनात पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. एक्स-रे काढायचा, तो कोरा निघणार, आणि तो इब्राहिमच्या नाकासमोर धरायचा, एवढ्याचसाठी गेले होते. आवरणाची गोळी सहसा मागे काही ठेवत नाही. फुलणारी गोळी थोडं तरी शिसं सांडते, आणि शिसं एक्स-रेत पांढरंशुभ्र दिसतं.

कोल्ड रूममधून हरीण ट्रॉलीवर ओढून घेताना पाठीत कळ आली. ही ट्रॉली इतकी वर्षं कोण ढकलतं, हा विचार तेव्हा पहिल्यांदा मनात आला.

स्क्रीनवर बरगड्या उमटल्या. डावीकडे काही नाही. उजवीकडे, जिथून गोळी बाहेर पडली त्या बरगडीपाशी, रव्याच्या कणांसारखे सहा-सात पांढरे ठिपके.

शिसं होतं. गोळी शिकारीची होती. बाहेर पडता पडता बरगडीला घासून जेमतेम उघडायला लागली होती. जवळून आली असती तर सगळी छाती ठिपक्यांनी भरली असती. एवढी मंद आली, म्हणजे लांबून आली. हमूदच्या रायफलीची तर ती नव्हतीच.

मागे वळले तर दारात इब्राहिम. तो फजरची, म्हणजे पहाटेची, नमाज पढून थेट कामावर येतो, हेही मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. त्यानं स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, मला निदान भांडता आलं असतं. त्यानं ट्रॉली घेतली आणि हरीण परत ठेवायला गेला.

मी डॉ. सालेहकडे गेले.

"सर, ड्राफ्ट परत हवा आहे. चूक झाली."

"कोणाची?"

"माझी."

"आणि सापडली कोणाला?"

"एक्स-रेमध्ये दिसली," मी म्हणाले. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. त्यांनी ड्राफ्ट सरकवला.

दुपारपर्यंत नवा रिपोर्ट लिहिला. शेवटी 'असिस्टेड बाय' अशी एक ओळ असते. तिथे मी नेहमी रेघ मारते. इब्राहिमचं नाव टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं. मन मोठं झालं म्हणून नाही. सरकारी वकील विचारणार, मेल्यावर गळा कापला यावरून लांबून मारलं हे कसं? ते मला नीट सांगता येणार नव्हतं, अरबीत तर मुळीच नाही. म्हणून ठेवलं.

झालंही तसंच. पुढच्या आठवड्यात दोघांना बोलावणं आलं. एक्स-रेचे प्रश्न पाच मिनिटांत संपले. मग गळ्याचा मुद्दा निघाला आणि मला बाहेर बसवलं. इब्राहिम इस्त्रीचा शर्ट घालून आत दीड तास बोलत होता. मधूनच आतून हसण्याचा आवाज यायचा. मी भिंतीवरचं घड्याळ बघत होते आणि माझ्या पोटात दुखत होतं. हमूद सुटावा असं मनापासून वाटत होतं, आणि तो माझ्यामुळे सुटावा असंही तितकंच वाटत होतं.

हमूद सुटला. लँड क्रूझरवाल्यांचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

कामावर परत रुजू झाला त्या दिवशी हमूद लॅबमध्ये आला. हातात निझवा गावच्या प्रसिद्ध हलव्याचा डबा. मी हातमोजे काढले, हसून पुढे झाले. त्यानं मला अदबीनं सलाम केला, माझ्या बाजूनं पुढे गेला आणि डबा इब्राहिमच्या हातात देऊन त्याला मिठी मारली. रिपोर्टवरचं नाव त्यानं वाचलं होतं. ते मीच टाइप केलं होतं.

या सगळ्यातून एक शिकले. एक्स-रे आधी काढावा, मत नंतर बनवावं, आणि एक्स-रे कुणी सुचवला हे बघू नये. जळफळाट मात्र याने जात नाही. तो अजून आहे.

इब्राहिमनं डबा उघडला, मोठा चमचा भरून हलवा बशीत काढला आणि बशी आधी माझ्यापुढे धरली.

"घ्या, मॅडम. तुमचापण हाय."

'पण' म्हणाला. मी खाल्ला.