भट्टीतलं गाढव

पिझ्झा मुळात टोमॅटोशिवाय जन्माला आला, हे मला परदेशात, क्रेगीबर्नला मुलाच्या घरी, माझ्या नऊ वर्षांच्या नातीने सांगितलं. ‘पिझ्झा आला कुठून’ असा शाळेचा प्रोजेक्ट होता आणि त्या घरात प्रोजेक्ट म्हणजे आजी. मुलगा आणि सून दिवसभर आपापल्या खोलीत दार लावून मीटिंगमध्ये असायचे आणि तिथूनच उंटावरून शेळ्या हाकायचे. नात वाचून दाखवायची, मी कणीक मळत ऐकायची. रोमन लोकांकडे टोमॅटोही नव्हता आणि मिरचीही नव्हती. चपटी भाकरी असायची, तिच्यावर लसूण आणि चीज वाटून केलेला गोळा, माशाचं खारवलेलं पाणी आणि हिंग. माझ्या फोडणीच्या वासाने सून खिडक्या उघडत फिरायची, तोच हिंग रोमचे सरदार दूरच्या मुलखातून मागवत होते. हे मी तिला दोनदा ऐकवलं.

मी आले होते सहा महिन्यांसाठी. धाकटी बहीण सोलापुरात एकटी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण ताई आल्याशिवाय ऑपरेशन करणार नाही म्हणून अडून बसलेली. दिवाळीआधी येते, असं मी तिला कबूल केलं होतं. ती दिवाळी गेली. व्हिसा वाढला, पासपोर्ट मुलाच्या ड्रॉवरमध्ये ‘सेफ’ राहिला आणि दुसरी दिवाळी तोंडावर आली. तिकिटाचा विषय काढला की मुलगा म्हणायचा, बघू. फोनवर बहीण सांगायची की आता चहात साखरेऐवजी मीठ पडतं. ती हसायची, मला हसू येत नसे.

नातीला पाँपेईची माहिती सापडली. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या रोमन शहरात भिंतीवर एक चित्र निघालं होतं, चांदीच्या तबकात चपटी भाकरी आणि तिच्यावर फळं. लोक त्याला पिझ्झ्याचा पणजोबा म्हणायला लागले. त्याच आवारात पावाची एक भट्टीही निघाली, पीठ दळायच्या जात्यांसकट. खिडक्या लहान, त्यांना लोखंडी गज, रस्त्याकडे दार नाही. तिथे गुलाम आणि गाढवं एकत्र कोंडलेली असत आणि गाढवांचे डोळे बांधून त्यांना जात्याभोवती फिरवत. मी तिला आमच्याकडचा करडईच्या तेलाचा घाणा सांगितला, झापडं लावलेला बैलही सांगितला. तिने विचारलं, मग त्या गाढवाला सुट्टी कधी मिळायची?

“मेल्यावर,” मी म्हणाले.

तिने ते लिहून घेतलं.

प्रोजेक्ट सादर करायच्या दिवशी मी वर्गासाठी रोमन पद्धतीचे गोल पाव भाजून नेले, वरून आठ फाकांच्या खुणा केलेले. मुलगा आणि सून अर्धी रजा काढून आले होते. नातीने भट्टीचं चित्र दाखवलं, गाढव दाखवलं आणि मग माझ्याकडे बोट केलं. “माय आजी इज लाइक दॅट. शी वॉन्ट्स टू गो होम, बट डॅड हॅज हर पासपोर्ट.”

पाव खाणाऱ्या बाईंचं तोंड चालायचं थांबलं. एक बाप हसला आणि लगेच गप्प झाला. बाईंनी माझ्या मुलाला बाजूला घेऊन हळू आवाजात काही विचारलं. तो “किड्स, मेट” असं काहीतरी बोलत राहिला, पण त्याचे कान लाल झाले होते. मला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं.

घरी आल्यावर मुलाने विचारलं, हे तू शिकवलंस का तिला. मी म्हटलं, गाढव पुस्तकातलं, बैल माझा, पासपोर्ट तिने स्वतः पाहिलाय. सून रडायला लागली, आई, आम्ही तुम्हाला काय कमी केलं? खरंच काही कमी नव्हतं. स्वतंत्र खोली होती, हीटर होता, मराठी मालिका होत्या. गाढवालाही वैरण मिळतच असणार.

शेवटी मुलगा म्हणाला, “जा तू. पण मुलीला शाळेतून आणायला कुणीतरी हवं. हिची आई यायला तयार झाली तर तुझं तिकीट काढतो. नाहीतर पुढच्या वर्षी.”

विहीणबाई नाशिकच्या. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, भजनी मंडळ आणि सकाळचं फिरणं यात रमलेल्या. लेकीने व्हिसा आधीच करून ठेवला होता, फक्त त्यांचं मन होत नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी मी पिझ्झ्याची पोळी लाटत असताना त्यांचा फोन आला. हात पिठाचे, म्हणून नातीने स्पीकर लावला आणि तिथेच उभी राहिली.

“लेक गोडगोडच सांगणार,” विहीणबाई म्हणाल्या. “तुम्ही इतके दिवस राहिलात. तुम्ही म्हणाल तसं करते. करमेल का हो मला तिथे?”

नात माझ्याकडे बघत होती. मला सोलापूरचं स्वयंपाकघर दिसत होतं, चाचपडत साखरेचा डबा शोधणारा हात दिसत होता.

“न करमायला काय झालं?” मी म्हणाले. “या निवांत. हवा छान आहे, माणसं प्रेमळ आहेत. लाटणं तेवढं आणा, इथलं फार हलकं आहे.”

विहीणबाईंचा जीव भांड्यात पडला. नशीब मोठं म्हणून अशी विहीण मिळाली, म्हणाल्या. उद्याच लेकीला कळवते, म्हणाल्या.

फोन बंद झाल्यावर नात म्हणाली, “यू डिडन्ट टेल हर अबाउट द डाँकी.”

मी म्हटलं, प्रोजेक्ट संपला, हात धुऊन ये.

त्या संध्याकाळी ती पिझ्झ्याला शिवली नाही. तिचा वाटा मी खाल्ला, कडांसकट.