गणपतीमागची नळी

साठ सालच्या सुमारास, मी विशीतली असताना, यवतमाळहून दिग्रसला जाणाऱ्या एसटीत एक बाई माझ्या शेजारी बसली होती. पन्नाशी उलटलेली, ठसठशीत कुंकू, हसताना पदर तोंडावर. खड्डा आला की समोरची दांडी धरून जरा अंग उचलून धरायची.

“दुखतंय का काही?” मी विचारलं.

“आता कमी हाय. पाळी गेल्यापासून खाली आग होये, लघवीले बसली का डोळ्यात पाणी. वैद उष्णता म्हणे, जिऱ्याचं पाणी पाजे. डॉक्टरीणबाईनं सांगतलं, ह्या वयात आतली जागा कोरडी पडते. आतून लावाचं मलम देल्लं. सोडलं का पुन्हा आग, म्हून दुसरी नळी आणाले गेलती.”

तिनं चंचीतून नळी काढून दाखवली. पुढच्या बाकावरचे दोघे पुरुष एकाएकी खिडकीबाहेरची कपाशी निरखू लागले.

मी आवाज खाली आणला. “घरी ठेवता कुठं?”

“देवघरात, गणपतीच्या मांगं. पाळी होती तवा सासू तिथं फिरकू देत नव्हती. आता पूजा माह्यावरच टाकली. सोवळं म्हून दुसरं कोणी हात लावत नाई.”

“आणि देवाला चालतं?”

“न चालाले काय झालं? कोरडं त्यानंच केलं नं? मंग राखण करू दे.”

पुढे वय झाल्यावर मलाही तसलंच मलम लागलं. आमचं घर सुधारलेलं. शिवाशिव नाही, देवघरही नाही. नळी लपवायला जागाच नव्हती; कितीतरी वर्षं मी ती पर्समध्ये घेऊन फिरले.